शहरातील डोंगरवाट : हक्क आणि श्रम

मराठीत 'वहिवाट' असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. लोक एखाद्या वाटेने वर्षानुवर्षे जात-येत राहिले म्हणजे त्या जाण्यायेण्यातूनच वाटेवर त्यांचा एक प्रकारचा हक्क निर्माण होतो, ही कल्पना त्यामागे आहे. शेताच्या बांधावरून जाणारी पाऊलवाट किंवा दोन वस्त्यांना जोडणारी पाणंद यांना ही कल्पना चांगली लागू पडते. परंतु मोठ्या शहरातील टेकडी, नदीकाठची झाडी किंवा वनोद्यान यांचा विचार करू लागलो की ती अपुरी वाटते. अशी भूमी सार्वजनिक असते. तेथे येणाऱ्यांची संख्या मोठी असते आणि येण्याची कारणेही भिन्न असतात. सकाळी फिरावयास येणारे वृद्ध, पळण्याचा सराव करणारे तरुण, कुत्र्याला घेऊन येणारे गृहस्थ, पक्षिनिरीक्षक आणि गेल्या पाच दशकांत त्यांत सामील झालेले डोंगरी सायकलस्वार, हे सर्व एकाच अरुंद वाटेवर एकत्र येतात. 'आम्ही नेहमी येथूनच जातो' हे विधान त्यांपैकी प्रत्येक जण करू शकतो. मग ही वाट कोणाची?

या प्रश्नाचे एक व्यवहार्य उत्तर काही शहरांतील सायकलस्वारांनी अनुभवातून शोधून काढले. ते असे की, वाटेचा वापर करणाऱ्यांनी तिची निगा राखण्याची जबाबदारी उचलली, तरच तिच्यावरील त्यांचा प्रवेश टिकून राहतो. या उत्तरापर्यंत ते कसे पोहोचले आणि त्यासाठी त्यांना कोणती विद्या शिकावी लागली, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

सायकल डोंगरावर गेली

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस, गोल्डन गेट पुलापलीकडे, मरीन परगणा आहे. तेथील टॅमलपायस पर्वताच्या परिसरात १९७० नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगर उतरू लागले. या सायकली मुख्यतः १९३०-४० च्या सुमारास बनविलेल्या होत्या. फेअरफॅक्स गावाजवळील एका कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत घेतली. सुमारे २ मैलांत हा रस्ता १,३०० फूट खाली येतो. पायडल उलट दिशेने दाबून लागणारा मागील चाकाचा ब्रेक या उतारावर इतका तापे की त्यातील वंगण जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. इंग्रजीत या पुन्हा भरण्याला 'रीपॅक' म्हणतात; त्यावरून त्या रस्त्यालाही तेच नाव पडले.

१९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी केवळ अशा वापरासाठी नवा सांगाडा तयार केला. टॉम रिची, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनीही अशा सायकली बनविण्याचा आणि विकण्याचा व्यवसाय सुरू केला. १९८१ मध्ये डोंगरी सायकलींचे कारखान्यात मोठ्या संख्येने उत्पादन होऊ लागले आणि काही वर्षांतच हे वाहन जगभर पोहोचले.

वाहन पोहोचले, पण त्याच्यासाठी वाट कोठे होती? डोंगरावरील अरुंद पायवाटा पायी चालणाऱ्यांसाठी व घोडेस्वारांसाठी तयार झालेल्या होत्या. वळणावरून एकाएकी येणारी सायकल पाहून चालणारे दचकत आणि घोडे बुजत. तक्रारी वाढल्या. ज्या मरीन परगण्यात या खेळाचा जन्म झाला, तेथेच अनेक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद कच्च्या रस्त्यांवर ताशी १५ मैलांची वेगमर्यादा आली आणि ती मोडणाऱ्यांना पकडण्यासाठी रक्षक वेगमापक यंत्रे घेऊन उभे राहू लागले.

आक्षेपांचे दोन प्रकार

सायकलस्वारांवरील आक्षेप वस्तुतः दोन प्रकारचे होते व ते एकमेकांपासून वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला आक्षेप भूमीविषयीचा होता. चाकांमुळे माती सुटते, वाट झिजते आणि झाडझाडोरा नष्ट होतो, असे म्हटले जाई. याची शास्त्रीय तपासणी पुढे झाली. अमेरिकेतील मॉन्टाना राज्यातील पर्वतवाटांवर केलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांच्या टापांनी सर्वांत अधिक माती सुटी होते असे दिसून आले. सायकलीच्या चाकांनी होणारी झीज पायी चालणाऱ्यांनी होणाऱ्या झिजेपेक्षा अधिक आढळली नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील एका जंगलात चालणारे व सायकलस्वार यांच्या परिणामांची तुलना करण्यात आली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांतही दोहोंत फारसा फरक दिसला नाही. अर्थात अशा मर्यादित प्रयोगांवरून प्रत्येक टेकडीविषयी निर्णय देता येत नाही. ओल्या मातीत, तीव्र उतारावर, चाक रोखून घसरत जाणारा स्वार वाटेचे निश्चित नुकसान करतो. तथापि वाट कोठून व कशी काढली आहे यावर तिची झीज पुष्कळ अंशी अवलंबून असते, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकांनी सर्वसाधारणपणे मान्य केली आहे.

दुसरा आक्षेप माणसांविषयीचा होता आणि तो अधिक खोल होता. चालणाऱ्याला टेकडीवर शांतता हवी असते. मागून येणाऱ्या वेगाची भीती त्याची ती शांतता हिरावून घेते. येथे मातीच्या झिजेची आकडेवारी उपयोगी पडत नाही. ज्या वृद्ध व्यक्तीने भीतीमुळे टेकडीवर जाणे सोडले, तिचाही त्या भूमीवर तितकाच अधिकार होता, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

१९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील काही सायकल मंडळांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय डोंगरी सायकल संघटना स्थापन केली. केवळ खुल्या वाटांवरूनच जावे, मागे खुणा ठेवू नयेत, सायकल ताब्यात ठेवावी, इतरांना वाट द्यावी, प्राण्यांना घाबरवू नये आणि तयारीनिशी निघावे, असे सहा नियम तिने प्रसृत केले. १९९४ मध्ये सिएरा क्लब या जुन्या निसर्गरक्षक संस्थेशी तिचा समझोता झाला. परंतु नियमांहून अधिक परिणामकारक ठरली ती या मंडळांची दुसरी कृती. त्यांनी हाती कुदळ-फावडे घेतले.

चोरवाटांचा धडा

मात्र अवजार हाती घेणे हे नेहमीच विधायक असते असे नाही. कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या उत्तरेस फ्रॉम, सेमूर आणि सायप्रस हे डोंगर वस्तीला अगदी लागून आहेत. येथे पाऊस विपुल पडतो आणि जंगलातील जमीन दलदलीची व मुळांनी भरलेली असते. १९९० च्या आसपास तेथील उत्साही स्वारांनी पडलेल्या देवदारसदृश वृक्षांच्या फळ्या फोडून ओल्या जागांवर लाकडी साकव बांधण्यास आरंभ केला. हळूहळू हे साकव उंच, अरुंद आणि अवघड होत गेले आणि त्यांवरून तोल सांभाळत जाणे ही एक स्वतंत्र कलाच बनली. या शैलीचे अनुकरण जगभर झाले.

परंतु यांतील बहुतेक बांधकाम विनापरवाना होते. जमिनीचा मालक निराळा आणि बांधणारा निराळा, अशी स्थिती होती. लाकूड कुजू लागले, तेव्हा ते बदलण्याची जबाबदारी कोणाची, हे कोणालाच सांगता येईना. अपघात झाल्यास उत्तरदायी कोण, या चिंतेने अधिकाऱ्यांनी काही बांधकामे पाडून टाकली. बांधणाऱ्यांनी ती अन्यत्र, अधिक आडबाजूस उभी केली. अशा लपंडावात नुकसान जंगलाचेच होते. पकडले जाण्याच्या भीतीने घाईत काढलेल्या वाटेत पाण्याच्या निचऱ्याचा विचार नसतो आणि ओढ्याची किंवा दुर्मिळ वनस्पतींची पाहणी कोणी केलेली नसते.

१९९७ मध्ये तेथे 'नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली आणि भूस्वामी संस्थांशी बोलणी सुरू झाली. पुढे तिने वाटा दत्तक देण्याची योजना आखली. एखादे दुकान किंवा मंडळ एका वाटेच्या निगेचा खर्च उचलते, एक अनुभवी बांधणारा तिची देखरेख करतो आणि स्वयंसेवक ठरलेल्या दिवशी येऊन काम करतात. उंच लाकडी साकवांच्या जागी अनेक ठिकाणी दगड-मातीच्या टिकाऊ वाटा आल्या. पूर्वी लपून काम करणारी काही माणसे आता उघडपणे तेच काम करू लागली. त्यांचे कौशल्य तेच होते. आता त्यावर देखरेख होती आणि त्याची नोंदही राहत होती.

शहराच्या मध्यभागी

व्हँकुव्हरला डोंगर लाभले आहेत. ज्या शहरांत मोकळी जागाच नाही, त्यांनी काय करावे? या संदर्भात अमेरिकेतील दोन शहरांची उदाहरणे लक्षणीय आहेत.

सिअॅटल शहरातून १९६० नंतरच्या दशकात एक उन्नत महामार्ग नेण्यात आला आणि कॅपिटॉल हिल व ईस्टलेक या शेजारी वस्त्या एकमेकींपासून तुटल्या. पुलाखालची उताराची जागा अनेक वर्षे पडीक राहिली. या जागेत २००५ मध्ये सुमारे साडेसात एकरांचे एक उद्यान खुले झाले आणि त्याच्या एका भागात सायकलस्वारांच्या मंडळाने स्वयंसेवकांच्या श्रमातून डोंगरी सायकलींसाठी वाटा बांधल्या. काँक्रीटच्या खांबांमधून जाणाऱ्या या वाटांचा पहिला टप्पा २००७ च्या सुमारास वापरात आला. डोक्यावर पुलाचे छप्पर असल्याने तेथे पाऊस पडत नाही. पावसाळी सिअॅटलमध्ये ही मोठी सोय वाटली. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणामही दिसून आला. ओलाव्याशिवाय माती बसत नाही. तिची धूळ होते आणि वळणांचे बांध ढासळतात. त्यामुळे पाणी आणून माती भिजविणे हे तेथील निगेचे एक नित्याचे काम होऊन बसले.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागात हार्लेम नदीच्या काठी हायब्रिज पार्क नावाचे लांबट, तीव्र उताराचे उद्यान आहे. शहराला पाणी पुरविण्यासाठी १८४८ मध्ये पूर्ण झालेल्या जलवाहिनीच्या पुलावरून त्याला हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या उद्यानाची दुर्दशा झाली. कचरा, टाकून दिलेली वाहने आणि गुन्हेगारी यांमुळे शेजारचे लोकही तेथे जाण्यास धजत नसत. उद्यान खात्याच्या अनुमतीने स्वयंसेवकांनी तेथील कचरा उपसला, उतारावर वाटा काढल्या, आणि मे २००७ मध्ये शहरातील पहिल्या अधिकृत डोंगरी सायकल वाटा तेथे खुल्या झाल्या. ज्या झाडीत कोणी पाऊल टाकीत नव्हते तेथे माणसांची नियमित ये-जा सुरू झाली. सायकलस्वारांना वाट मिळाली आणि शहराला एक हरवलेला उतार परत मिळाला.

वाट बांधण्याची विद्या

आतापर्यंत 'वाट बांधणे' हा शब्दप्रयोग आपण सहज केला. प्रत्यक्षात ही एक नीट शिकण्याची विद्या आहे आणि तिचे मूळ सूत्र एकच आहे : वाटेचा खरा शत्रू म्हणजे तिच्यावरून वाहणारे पाणी. माणसाच्या पायांनी किंवा चाकांनी माती सुटी होते, पण ती वाहून नेण्याचे काम पाणी करते. वाट डोंगराच्या उताराला सरळ धरून खाली उतरली, तर पहिल्याच मोठ्या पावसात ती पाण्याचा पाट बनते. पाट खोल झाला की लोक त्याच्या कडेने चालू लागतात आणि एका वाटेच्या तीन वाटा होतात.

म्हणून वाट डोंगराला आडवी, समउंचीच्या रेषेच्या जवळून न्यावी लागते. यासाठी एक सोपा नियम आहे. वाटेचा चढ हा त्या ठिकाणच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून अधिक असू नये. डोंगराचा उतार शंभर मीटरला २० मीटर असेल, तर वाटेचा चढ शंभर मीटरला १० मीटरांपेक्षा कमी ठेवावा. याशिवाय संपूर्ण वाटेचा सरासरी चढ शेकडा १० च्या आत राखावा, असेही सांगितले जाते. या हिशेबाने ३० मीटर उंच टेकडीच्या माथ्यावर पोहोचण्यास निदान ३०० मीटर लांबीची वाट लागेल. ती सरळ मावत नसेल, तर तिला नागमोडी वळणे द्यावी लागतील.

वाटेचा पृष्ठभागही अगदी सपाट ठेवीत नाहीत. बाहेरच्या, म्हणजे दरीकडील, बाजूस त्याला शेकडा ५ च्या सुमारास कल देतात. एक मीटर रुंदीच्या वाटेची बाहेरची कड अशा रीतीने ५ सेंटिमीटर खाली राहते आणि वरून आलेले पाणी वाटेवर न रेंगाळता पलीकडे निघून जाते. वापराने हा कल कालांतराने नाहीसा होतो. म्हणून साधारणपणे दर ६ ते १५ मीटरांवर वाट किंचित उतरवून पुन्हा चढवितात. या खोलगट जागी पाणी वाटेबाहेर पडते. सायकलस्वाराला या चढउतारात आनंद वाटतो आणि त्याचा वेगही आपोआप आवरला जातो. एकाच रचनेने येथे दोन कामे साधतात.

वाटेची पायरी कोरताना ती पूर्णपणे मूळच्या घट्ट जमिनीतच कोरावी, खोदून निघालेल्या भुसभुशीत मातीचा भराव घालून बाहेरची कड रुंद करू नये, हाही एक महत्त्वाचा नियम आहे. असा भराव काही पावसाळ्यांत खचतो. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगास पातळ पसरून देतात.

वळणे आखताना माणसांचा विचार करावा लागतो. समोरून येणारा चालणारा पुरेशा अंतरावरून दिसावा म्हणून आतील बाजूचे झुडूप छाटतात. ते शक्य नसेल तेथे वळणाच्या आधीच वाट आकुंचित करून किंवा थोडी चढवून वेग कमी करतात. जेथे गर्दी फार असते तेथे चालण्याची वाट वेगळी ठेवणे, सायकलींना एकच दिशा ठरवून देणे किंवा वार वाटून देणे, असे उपाय योजले जातात. वर वर्णिलेल्या दुसऱ्या आक्षेपाला, म्हणजे माणसांच्या भीतीला, हेच खरे उत्तर आहे. वेग कमी ठेवण्याची विनंती करणारी पाटी सहज दुर्लक्षिली जाते. वाटेची रचना मात्र सर्वांना पाळावीच लागते.

श्रमदानाचा एक दिवस

स्वयंसेवकांच्या कामाचा दिवस बहुधा आठवड्याच्या सुट्टीत ठरविलेला असतो. आदल्या आठवड्यात जाणत्या मंडळींनी उतार मोजून, लहान निशाणे रोवून वाटेची रेषा आखलेली असते आणि ती भूस्वामी खात्याच्या अधिकाऱ्याने पाहून मान्य केलेली असते. सकाळी जमलेल्यांच्या लहान तुकड्या करतात व प्रत्येक तुकडीवर एक अनुभवी प्रमुख नेमतात. अवजार कसे धरावे, ते खांद्यावर टाकून का चालू नये, दोघांमध्ये किती अंतर ठेवावे, हे प्रथम समजावून सांगितले जाते.

फावडी आणि पहारी सर्वत्र सारख्याच असतात. अमेरिकेत आणखी दोन अवजारे या कामाशी जोडली गेली आहेत. 'पुलास्की' या अवजाराला एका बाजूस कुऱ्हाडीचे आणि दुसऱ्या बाजूस कुदळीसारखे आडवे पाते असते. १९१० च्या मोठ्या वणव्यात आपल्या माणसांचे प्राण वाचविणाऱ्या एका वनरक्षकाच्या नावाने ते ओळखले जाते. 'मॅक्लाउड' हे एका बाजूस दाताळे आणि दुसऱ्या बाजूस रुंद धारदार पाते असलेले अवजार होय. त्याने माती ओढता येते आणि सपाट पाठीने ती ठोकून बसविताही येते. ही दोन्ही मुळात वणवा विझविणाऱ्यांची अवजारे आहेत.

दिवसअखेर एका तुकडीने पूर्ण केलेली वाट कित्येकदा काही मीटरच असते. प्रथमच आलेल्या सायकलस्वाराला हे पाहून आश्चर्य वाटते. जी वाट आपण काही क्षणांत पार करतो, ती तयार होण्यास किती हात लागतात, हे त्याला प्रथमच कळते. पाऊस पडून गेल्यावर ओल्या वाटेवर सायकल नेऊ नये, ही सूचना मग त्याला जाचक वाटत नाही.

परवानगी आणि जबाबदारी

श्रम करण्याची इच्छा असली तरी कायद्याची चौकट लागतेच. इंग्लंड व वेल्समध्ये १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याने घोडेवाटांवरून सायकल नेण्याचा हक्क दिला. चालणाऱ्यांना व घोडेस्वारांना वाट देण्याचे बंधनही त्यातच घातले. मात्र सायकलींच्या सोयीसाठी या वाटा सुधारण्याचे बंधन त्या कायद्याने कोणावरही टाकले नाही. हक्क मिळाला तरी चिखल तसाच राहू शकतो, असा याचा अर्थ. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकास बहुतेक मोकळ्या भूमीवर प्रवेश दिला आणि त्यात सायकलीचाही समावेश केला. अमेरिकेत असा सर्वसाधारण हक्क नाही. प्रत्येक उद्यानाचा व टेकडीचा करार स्वतंत्रपणे करावा लागतो. तेथील राज्यांत, शुल्क न घेता मनोरंजनासाठी जमीन खुली करणाऱ्या मालकास अपघाताच्या दाव्यांपासून काही संरक्षण देणारे कायदे आहेत. कॅलिफोर्नियातील असा कायदा १९६३ चा आहे. सार्वजनिक संस्थांना हे संरक्षण कितपत मिळते, हे मात्र राज्याराज्यांत भिन्न आहे.

म्हणूनच चांगल्या करारात काही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असतात : कोणती वाट, कोणी बांधावयाची, तपासणी किती दिवसांनी करावयाची, मोडलेला भाग कोणी बंद करावयाचा, अवजारे व विमा यांचा खर्च कोणाचा, आणि मंडळ विसर्जित झाल्यास वाटेचे काय करावयाचे. शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि बहुधा तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. नव्या वाटेच्या उद्घाटनास माणसे सहज जमतात. पाचव्या वर्षी गटार साफ करावयास ती जमतीलच असे नाही.

या पद्धतीची आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. ज्यांना सुट्टीचा मोकळा दिवस मिळतो, सायकल परवडते आणि अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार करता येतो, त्यांनाच स्वयंसेवक होणे सोपे जाते. वाटेवरील अधिकार केवळ श्रम करणाऱ्यांनाच द्यावयाचा ठरविला, तर रविवारीही कामावर जाणारा मजूर त्यातून वगळला जाईल. तेव्हा श्रम हे प्रवेशाचे शुल्क मानता कामा नये. ज्यांना श्रम करता येतात त्यांनी ते सर्वांच्या वतीने करावयाचे असतात, आणि वाट मात्र न राबलेल्यांसाठीही तितकीच खुली राहावयास हवी. ही भूमिका ज्या मंडळांनी घेतली, त्यांनाच शेजाऱ्यांचा विश्वास लाभतो.

आरंभी आपण विचारले होते की, ही वाट कोणाची? मरीनमधील बंदी, व्हँकुव्हरचे कुजलेले साकव आणि हायब्रिजचा साफ झालेला उतार यांचा एकत्र विचार केला, तर असे दिसते की मालकीचा हा प्रश्न एकदाच सुटून संपत नाही. प्रत्येक पावसाळ्यानंतर तो पुन्हा उभा राहतो. त्या वेळी फावडे घेऊन वाटेवर कोण आले आणि त्यांनी ती कोणासाठी दुरुस्त केली, यावरून त्याचे त्या वर्षापुरते उत्तर मिळते.